ससाण्यांची खानेसुमारी

माघ सरून फाल्गुन उजाडला म्हणजे आपल्याकडील माळरानांवरून भोवत्या जातीचे पक्षी एकेक करून दिसेनासे होऊं लागतात. कार्तिकापासून त्यांनीं हरभऱ्याच्या व ज्वारीच्या शेतांवरून अगदीं खालून तरंगत नाकतोडे, उंदीर व बारीक पांखरें टिपलेलीं असतात. पीक खळ्यांत येतें आणि हे पक्षी उत्तरेकडे, मध्य आशियाच्या कुरणांकडे निघून जातात. गांवांतील सावकार गांव सोडून गेला तर दुसऱ्या दिवशीं साऱ्या आळीस ठाऊक होतें. परंतु मजुरी न मागतां राबणारा हा गडी केव्हां आला, केव्हां गेला, यंदा किती आले व गेल्या वर्षीं किती होते, याची विचारपूस करण्याचें आमच्या उभ्या नोकरींत कोणास सुचलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. आम्हांसही तें सुचलें नव्हतें.

दूर देशीं अशी विचारपूस करणारे लोक आहेत, त्यांची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों. आम्ही समुद्र ओलांडलेला नाहीं. परंतु सारा जन्म आंकडे उतरविण्यांत गेल्यामुळें दुसऱ्याचे आंकडे वाचण्याची गोडी लागली आहे, आणि या लोकांचे आंकडे वाचण्याजोगे आहेत असें आमचें मत झालें आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यास कॅलिफोर्निया संस्थान आहे. त्याच्या दक्षिण टोकाकडे, सान डिएगो जिल्ह्यांत, समुद्राचा पाऊस अडविणाऱ्या डोंगरांच्या पाठीमागें बोरेगो स्प्रिंग्ज नांवाचें लहानसें गांव आहे. गांवाभोंवतीं ॲन्झा-बोरेगो हें सरकारी राखीव वाळवंट पसरलेलें. पाऊस नांवापुरता. तरीही विहिरींच्या पाण्यावर तेथें लिंबाच्या व पपनसासारख्या फळांच्या बागा उभ्या राहिल्या, ताडामाडांच्या जातींच्या शोभेच्या झाडांच्या रोपवाटिका झाल्या. या हिरव्या तुकड्यावर दरवर्षीं फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत स्वेन्सन ससाणा हा पक्षी थव्यांनीं मुक्कामास उतरतो, आणि २००३ सालापासून कांहीं स्वयंसेवक मंडळी त्यांची मोजदाद करीत आहेत. वेतन नाहीं, भत्ता नाहीं, कोणाचा हुकूम नाहीं. दुमडत्या खुर्च्या, दुर्बिणी व वही घेऊन हे लोक रस्त्याच्या कडेस येऊन बसतात.

पक्षी आपल्या घारीहून थोडा लहान, पंख लांब व टोंकाकडे निमुळते, गळा पांढुरका व छातीवर तपकिरी पट्टा. अंगानें सबंध काळपट असेही कांहीं असतात. विल्यम स्वेन्सन या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाच्या नांवावरून त्यास हें नांव पडलें. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ प्रदेशांत तो वीण करितो व पिल्लांस खारी, उंदीर भरवितो. परंतु एरवीं इतका मोठा पक्षी बहुतांशीं किड्यांवर जगतो हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. नाकतोडे हें त्याचें मुख्य अन्न. थंडींत तो दक्षिणेस जातो. कांहीं मेक्सिको-कोलंबियाच्या बाजूस राहतात. बहुसंख्य मात्र थेट आर्जेन्टिना देशाच्या मैदानांपर्यंत उतरतात, म्हणजे एका अंगास दहा हजार किलोमीटरांची मजल. वसंतांत तीच वाट उलट.

एवढी मजल पंख मारून होणारी नव्हे. ऊन तापलें म्हणजे जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते. खळ्यावर भर दुपारीं घार पंख न हलवितां वर वर जातांना आपण पाहतों, तें याच हवेच्या बळावर. ससाणे या चढत्या हवेंत शिरून घिरट्या घालीत शेंकडों मीटर उंच जातात, आणि वर पोहोंचले म्हणजे पंख ताणून पुढच्या चढत्या हवेपर्यंत नुसते घसरत जातात. त्यामुळें रात्रीं प्रवास नाहीं. सूर्य कलला कीं उतरून झाड गांठावयाचें, आणि सकाळीं जमीन तापेपर्यंत थांबावयाचें. वाळवंटांत उंच झाड कोठून मिळणार? तें शेतकऱ्याच्या बागेंत मिळतें. पाऊस बरा झाला असेल त्या वर्षीं वाळवंट फुलतें, आणि त्या फुलोऱ्यावर बोटाएवढी, शेपटाकडे शिंग असलेली अळी पडते. आपल्या तिळावर जी पडते तिच्याच जातकुळींतली. मग हे आकाशांतले सरदार जमिनीवर उतरून कोंबड्यांसारखे चालत अळ्या वेंचतांना दिसतात.

मोजणी सायंकाळीं व सकाळीं होते. सायंकाळीं दूरवर ठिपके दिसतात, ते घिरट्या घेत उतरतात व झाडांत नाहींसे होतात. सकाळीं तेच पक्षी झाडांतून निघून एका जागीं गोळा होऊन वर चढूं लागतात. असा थवा उकळत्या पाण्यासारखा खदखदतांना दिसतो म्हणून तिकडील मोजणीदार त्यास ‘किटली’ म्हणतात. किटलींतले पक्षी मोजण्याचा प्रयत्न शहाणा मोजणीदार करीत नाहीं. वरचा खालीं व खालचा वर होत असल्यामुळें तो फसतो. थवा वरच्या टोंकास पोहोंचून एकामागून एक असे पक्षी रांगेनें घसरूं लागले कीं मग हातांतील मोजणीयंत्राची कळ दाबावयाची. मेंढवाड्यांतून मेंढरें सोडतांना दाराशीं उभें राहून मोजण्याची आपली जी रीत आहे तीच ही.

तेथील मोजणीदारांची वही पाहून आमच्यासारख्या जुन्या कारकुनास विशेष समाधान वाटतें. उत्तर अमेरिकेंतील अशा ठिकाणांची नोंद एका धर्तीनें व्हावी म्हणून १९७४ सालीं एक संघ स्थापन झाला आहे, आणि आपल्याकडे जसा गांव-नमुना असतो तसा त्यांचा ठराविक नमुना आहे. तासातासाची ओळ निराळी. वारा कोणीकडचा व किती, ढग किती, उष्णमान किती, बघणारे किती जण, आणि कोणत्या जातीचे पक्षी किती. पक्षी आलाच नाहीं तर त्या तासापुढें शून्य लिहावयाचें. रकाना कोरा ठेवावयाचा नाहीं. कोरा रकाना म्हणजे कोणी पाहिलें नाहीं. शून्य म्हणजे डोळे लावून पाहिलें आणि कांहीं आलें नाहीं. या दोहोंतील अंतर ज्यास कळलें त्यास हिशेबाचें मर्म कळलें असें आम्ही समजतों, आणि हें आम्हांस फार उशिरां कळलें.

येथें आमच्या स्वतःच्या आयुष्यांतील एक गोष्ट सांगणें भाग आहे. वीस-बावीस वर्षें झालीं. एका तालुक्याच्या कचेरींत आम्ही कारकून होतों. त्या वर्षीं पावसानें मध्येंच दगा दिला व एका गांवची ज्वारी पोटऱ्यांतच करपली. पैसेवारी ठरविण्यासाठीं पीक कापून, झोडून, तोलून पाहावयाचें असतें. परंतु ज्यांच्याकडे तें काम होतें त्यांनीं शेतांत पाऊल न टाकतां मागील सालच्या आंकड्यांत थोडा फेरफार करून पत्रक भरलें. गांवाची पैसेवारी बावन्न निघाली. पन्नासाच्या आंत असती तर टंचाईच्या सवलती मिळाल्या असत्या, शेतसाऱ्याची व मुलांच्या परीक्षा-शुल्काची सूट मिळाली असती. तें पत्रक सुवाच्य अक्षरांत उतरवून आम्हींच पुढें पाठविलें. आंकडा खोटा आहे अशी शंका आम्हांस आली होती. परंतु शंका लिहिण्यास नमुन्यांत रकाना नव्हता. पुढें त्या गांवचा एक वृद्ध शेतकरी कचेरींत आला. रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, “भाऊसाहेब, आमच्या शेतांत कोण आलतं ?” त्यास उत्तर देतां आलें नाहीं. म्हणून कोणी मनुष्य कोणी न सांगतां रस्त्याच्या कडेस बसून खरेंखुरें शून्य लिहितो असें वाचलें कीं आमची मान आपोआप लवते.

असो. आतां या मोजण्याचा उपयोग काय, हा प्रश्न शेतकऱ्यानें विचारलाच पाहिजे. त्याचें उत्तर आर्जेन्टिनाच्या शेतांत आहे.

तो देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें आपल्या पौष-माघांत तिकडे भर उन्हाळा असतो, आणि पाम्पा नांवाच्या विस्तीर्ण मैदानांत लसूणघास व सूर्यफूल हीं पिकें जोमांत असतात. त्याच वेळीं नाकतोडे उठतात व त्यांच्या मागें ससाणे येतात. तिकडील शेतकरी या पक्ष्यास त्यांच्या भाषेंत ‘टोळखाऊ’ अशा अर्थाच्या नांवानेंच ओळखतात. १९९४-९५ च्या हंगामांत उत्तर कॅलिफोर्नियांतील ब्रायन वुडब्रिज या अभ्यासकानें, उपग्रहास संदेश देणारें हलकें यंत्र ज्यांच्या पाठीवर बांधलें होतें अशा ससाण्यांचा माग काढीत आर्जेन्टिना गांठलें. शेतांच्या कडेस व मुक्कामाच्या झाडांखालीं शेंकडों ससाणे मरून पडलेले त्यास दिसले. पुढील हंगामांत, १९९५-९६ सालीं, नीट शोध झाला तेव्हां एकोणीस ठिकाणीं मिळून पांच हजारांवर प्रेतें मोजलीं गेलीं, आणि न सांपडलेलीं धरून सुमारें वीस हजार पक्षी त्या एका उन्हाळ्यांत मेले असावेत असा अंदाज झाला.

कारण मोनोक्रोटोफॉस. ज्यास आपल्याकडील शेतकरी नुसतें ‘मोनो’ म्हणतात तें औषध. नाकतोड्यांवर ट्रॅक्टरनें फवारणी चालली कीं नाकतोडे उडत, ते टिपण्यास ससाणे ट्रॅक्टरच्या मागें लागत. कांहींच्या अंगावर औषध पडे, कांहीं विष खाल्लेले नाकतोडे खात. हें औषध ज्या जातीचें आहे तीं औषधें शिरांना आणि स्नायूंना सुटीचा निरोप पोहोंचूं देत नाहींत. स्नायू आंवळलेले ते आंवळलेलेच राहतात व शेवटीं श्वास थांबतो. पक्षी असो वा मनुष्य असो, मरणाची रीत एकच. अमेरिकेंत या औषधाची नोंदणी १९८८ सालींच संपली होती, तरी पक्षी जेथें थंडी काढतो तेथें तें चालूच होतें.

आर्जेन्टिनाचें सरकार, हें औषध बनविणारी सीबा-गायगी ही मोठी कंपनी व पक्षिरक्षणाच्या संस्था यांच्यांत १९९६ सालीं बोलणीं झालीं. ससाणे उतरतात त्या भागांतील साठा मागें घेतला गेला, नाकतोड्यांसाठीं व लसूणघासावर तें वापरूं नये असें ठरलें, शेतकऱ्यांस समजावून सांगण्यांत आलें. पुढच्या हंगामांत मृत्यू अगदीं थोड्यावर आले. तिकडच्या शेतकऱ्यानें पक्ष्याशीं वैर केलें नव्हतें. नाकतोडे मारणारें औषध नाकतोडे खाणाऱ्यासही मारील, एवढें त्यास कोणी सांगितलें नव्हतें इतकेंच.

आतां मोजणीची गोष्ट. वीस हजार मेले. परंतु मूळचे किती? चार लाखांतून वीस हजार गेले तर एक अर्थ, चाळीस हजारांतून गेले तर दुसरा. जमेची बाजू ठाऊक नसेल तर खर्चाच्या बाजूस कितीही ठळक आंकडा लिहिला तरी शिल्लक निघत नाहीं. जमेची बाजू सांगणारे लोक म्हणजे हेच, वाटेवर बसून मोजणारे. मेक्सिकोंतील व्हेराक्रूझ प्रांतांत डोंगर व समुद्र यांमधील अरुंद पट्टींतून शरदांत जे शिकारी पक्षी जातात त्यांची मोजणी १९९५ सालापासून पद्धतशीर होत आहे, आणि तेथें या एका जातीचे पक्षी एका हंगामांत लाखांनीं मोजले जातात. बोरेगोची वही त्या मानानें लहान. तेथील सबंध हंगामाची बेरीज व्हेराक्रूझच्या एका चांगल्या दिवसापुढें कांहींच नव्हे. पण चावडीची वही लहान म्हणून कोणी जाळीत नाहीं.

अशा वहीचा उपयोग ती लिहितांना कोणास ठाऊक नसतो, याचें जुनें उदाहरण शरदांतील एका मोजणीचें आहे. पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील एका डोंगरकड्यावर पूर्वीं लोक मौजेखातर जाणारे ससाणे बंदुकीनें पाडीत. १९२९ पासून त्या संस्थानानें एका जातीच्या ससाण्यावर डोईस पांच डॉलरांचें बक्षीसही लावलें होतें. रोझली एज नांवाच्या बाईनें १९३४ सालीं तो डोंगर खंडानें घेतला व राखणीस मॉरिस ब्रून या गृहस्थास ठेविलें. ब्रून यांनीं शिकाऱ्यांस अडवितां अडवितां जाणारे पक्षी मोजण्यास आरंभ केला. त्या वेळीं कीटकनाशकाचा प्रश्नच नव्हता. परंतु मोजतांना ते पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत प्रौढ किती व तरणे किती हें निराळें लिहीत गेले. १९३५ ते १९३९ च्या दरम्यान शंभरांत चाळीस तरणे होते. १९५५ ते १९५९ च्या दरम्यान वीस. आणि १९५७ सालीं बत्तीस प्रौढांमागें एकच तरणा. गरुड दिसत होते, पिल्लें होत नव्हतीं. रेचेल कार्सन बाईंनीं १९६२ सालीं डी.डी.टी.च्या दुष्परिणामांवर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला त्यांत हे आंकडे पुराव्यास घेतले, आणि १९७२ सालीं अमेरिकेंत शेतीसाठीं डी.डी.टी. बंद झालें. ब्रून यांनीं ‘गरुड, एकूण इतके’ असें एका ओळींत उरकलें असतें तर या पुराव्यास जागाच नव्हती.

मोजणीनें पक्षी वांचतो असें मात्र कोणी समजूं नये. मोजणी खोटेंही बोलते. वारा फिरला कीं थवे पांच-दहा किलोमीटर बाजूनें निघून जातात आणि बसलेल्यांच्या वहींत दुष्काळ दिसतो. म्हणून एका सालच्या आंकड्यावर कोणी बोलूं नये. दहा-वीस सालें शेजारीं शेजारीं मांडावीं. कॅलिफोर्नियांत या ससाण्याचीं केवळ ३७५ जोडपीं उरलीं असावीत असा १९७९ सालचा अंदाज होता, व १९८३ सालीं त्या संस्थानानें त्यास संकटग्रस्त ठरविलें. २०१८ सालीं पुन्हां पाहणी झाली तेव्हां अंदाज अठरा हजार जोडप्यांवर गेला. पाहणीची रीत बदलल्यामुळें दोन्ही आंकडे एका तराजूंत घालणें बरोबर नव्हे, परंतु वाढ झाली यांत शंका नाहीं. आणि हा पक्षी तेथें आज विशेषेंकरून कोठें चरतो ? लसूणघासाच्या शेतांत. कापणी झाली किंवा पाणी सोडलें कीं उंदीर बाहेर पडतात, आणि बांधावर ससाणे जमतात. ज्या पिकांत तो दक्षिणेस मेला त्याच पिकांत उत्तरेस पोसला गेला. फरक काय तो बाटलीचा.

ती बाटली आपल्या घरांतही होती. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना शेंकडों शेतकऱ्यांस व मजुरांस विषबाधा झाली व सुमारें वीस माणसें दगावलीं. त्या वेळीं जीं औषधें चर्चेंत आलीं त्यांत मोनोक्रोटोफॉस होतें. बिहारांत २०१३ सालीं शाळेच्या जेवणांत हेंच विष जाऊन तेवीस मुलें गेलीं. भाजीपाल्यावर तें वापरण्यास आपल्याकडे २००५ सालापासून मनाई होती, आणि २०२३ सालीं केंद्र सरकारनें त्याच्या छत्तीस टक्के द्रवाची नोंदणी रद्द करण्याचा हुकूम काढला. माणसें मेलीं तेव्हां कागद हलला, यांत नवल नाहीं. पण तत्पूर्वीं पंचवीस-तीस वर्षें आपल्या शेतांवरून नाकतोडे टिपीत जाणाऱ्या भोवत्यांपैकीं किती मेले हें सांगणारी वही आपल्या तालुक्यांत कोणाजवळही नाहीं. त्या रकान्यांत शून्य नाहीं. तो कोराच आहे.

गेल्या माघांत आम्ही व आमचा पुतण्या गांवच्या दक्षिणेकडील माळावर सलग कांहीं संध्याकाळीं जाऊन बसलों. भोवत्ये दिवसभर निरनिराळ्या शेतांत चरतात, पण रात्रीस उंच वाळल्या गवतांत एका जागीं येऊन जमिनीवरच निजतात, त्यामुळें मोजणें अवघड नाहीं. पहिल्या दिवशीं अकरा भरले. दुसऱ्या दिवशीं नऊ. तिसऱ्या दिवशीं पुतण्या म्हणाला तेरा, आम्ही म्हणालों बारा. वाद झाला, शेवटीं दोन्ही आंकडे दोघांच्या नांवानें लिहिले. फाल्गुनाच्या अखेरीस चारच राहिले, आणि पाडव्यानंतरच्या दोन संध्याकाळीं एकही नाहीं. तीं दोन शून्यें वहींत आहेत.

आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या गांवीं असा माळ शिल्लक असेल तर दिवाळीनंतर त्यांनीं अवश्य पाहावें. ऊन मावळण्याच्या तासभर आधीं जाऊन, वाऱ्याकडे पाठ करून, गवतापासून दोनशें पावलांवर बसावें. तारीख, वेळ, वारा व आंकडा एवढें लिहिलें तरी पुरे. दुर्बीण नसली तरी अडत नाहीं, कारण पक्षी निजण्यापूर्वीं बराच वेळ गवतावरून खालून फेऱ्या घालितात. मात्र त्या वेळीं गुरें व कुत्रीं गवतांत सोडूं नयेत, आणि वणवा लावण्याचा बेत असेल तर तो पक्षी गेल्यावर, चैत्र लागल्यावर करावा.